बाराशे सत्त्याहत्तर एकांची रांग

२ ला २ ने गुणायचं, परत २ ने, परत २ ने, असे एकूण १२७७ दोन एकमेकांना गुणून झाले की थांबायचं आणि जे आलंय त्यातून १ वजा करायचा. संपलं, कृती इतकीच. येणारी संख्या ३८५ अंकी आहे, २६०१ ने सुरू होते, २७१ ने संपते आणि अख्खी लिहून काढली तर पाच-सहा ओळींत मावते. मूळ संख्यांचे जे विक्रम अधूनमधून बातम्यांत येतात ते आता कोट्यवधी अंकांचे असतात, त्यांच्यापुढे ही अगदीच चिल्लर. तरी माझं डोकं हिच्यापाशीच अडकलंय. कारण ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे, म्हणजे ती दोन लहान संख्यांच्या गुणाकारात फुटते हे १९५२ पासून पक्कं ठाऊक आहे, आणि त्या दोन लहान संख्या कोणत्या हे मी हे टाइप करतेय तोवर जगात कुणालाही माहीत नाही. एकही अवयव नाही, लहान नाही, मोठा नाही.

तिच्यापेक्षा लहान अशा याच साच्याच्या सगळ्या संख्यांचा (२ चा मूळ घातांकाचा घात वजा १) काही ना काही निकाल लागलाय. एकतर त्या मूळ निघाल्या, नाहीतर त्यांचा किमान एक अवयव तरी हाती आला. या रांगेत पहिल्यांदा गाडी अडते ती १२७७ वर.

शाळेत अवयव पाडायला शिकवतात तेव्हा क्रम उलटा असतो. आधी अवयव सापडतो, मग आपण म्हणतो की ही संख्या संयुक्त आहे. ९१ मूळ वाटते, मग कुणीतरी सांगतं अगं ७ त्रिक... नाही, ७ तेरी ९१, आणि विषय संपतो. फुटल्याचा पुरावा म्हणजे तुकडे. तुकडे न दाखवता "फुटते" म्हणणं हे ऐकायला जरा भोंदूपणाचंच वाटतं आणि मला वाटतं बहुतेकांना ते पहिल्यांदा ऐकताना तसंच वाटत असणार. पण ते करता येतं, आणि कसं करता येतं ते ९१ वरच दाखवता येतं.

फर्माचा एक जुना नियम आहे, १६४० च्या सुमाराचा: p ही मूळ संख्या असेल आणि २ ने तिला भाग जात नसेल तर २ चा (p − १) वा घात p ने भागल्यावर बाकी १ च उरते. नेहमी. अपवाद नाही. आता ९१ ला ही परीक्षा लावू. २ चा ९० वा घात काढायचाय, पण घाबरायचं कारण नाही, कारण २ चा १२ वा घात ४०९६ आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणजे १२ व्या घाताला बाकी १, म्हणून ८४ व्या घातालाही बाकी १, आणि ९० पर्यंत जायला उरले सहा, २ चा सहावा घात ६४. बाकी ६४ आली. १ यायला हवी होती, नाही आली, म्हणजे ९१ मूळ नाही. या सगळ्यात ७ चं नाव नाही, १३ चं नाव नाही. नापास झाल्याचं कळलं, कोणत्या विषयात ते गुणपत्रिकेवर लिहिलेलंच नाही.

ही परीक्षा उलट्या बाजूने मात्र विश्वासाची नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१, पण २ चा पाया घेऊन विचारलं तर ती साळसूदपणे बाकी १ देते. ५६१ तर अजून पोचलेली: तिच्याशी सामायिक अवयव नसलेला कुठलाही पाया घ्या, ३ सोडून, ११ सोडून, १७ सोडून, प्रत्येक वेळी बाकी १. अशांना कारमायकल संख्या म्हणतात आणि १७२९, हो तीच, दोन घनांची बेरीज दोन वेगवेगळ्या प्रकारे होणारी रामानुजनवाली, तीही याच टोळीतली आहे (७ × १३ × १९). टोळी संपते का कुठे, तर नाही. या संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं.

आणि आपली १२७७ वाली? तिला २ पाया घेऊन विचारण्यात काहीच अर्थ नाही, कारण या साच्याची प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, २ च्या परीक्षेत पासच होते. हे बघायला सोपं आहे. आपल्या संख्येने भागताना २ चा १२७७ वा घात बाकी १ देतो, कारण संख्याच मुळी "तो घात वजा १" अशी बनवलीय. मग १२७७ च्या कुठल्याही पटीचा घात बाकी १ च देणार, आणि आपली संख्या वजा १ ही नेमकी १२७७ च्या पटीतली निघते (तेही फर्माच्याच नियमाने, कारण १२७७ स्वतः मूळ आहे). म्हणजे तिला तिच्याच घरच्या माणसाची साक्ष मागितल्यासारखं झालं, तो काय विरोधात बोलणार. परीक्षा लावायची तर ३ ने लावावी, किंवा मग खास या साच्यासाठी बनवलेली परीक्षा वापरावी.

ती खास परीक्षा मला गणितातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटते. एदुआर ल्युका या फ्रेंच माणसाने १८७० च्या दशकात तिचा पाया घातला आणि डी. एच. लेमरने १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. परत वर्ग, परत वजा २, परत बाकी. घातांक p असेल तर हे p − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त, आणि इथे दोन्ही बाजूंनी पक्कं, ३४१ सारखी चलाखी चालत नाही.

१२७ साठी (२ चा ७ वा घात वजा १) ही गाडी अशी जाते: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पायऱ्या, शून्य, मूळ. २०४७ साठी (११ वा घात वजा १): ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ पायऱ्या, शून्य नाही, संयुक्त. कागदावर करून बघा, कॅल्क्युलेटर घेतला तर फार वेळ लागत नाही, आणि १११ नंतर १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९, आणि १२७ × ९७ बरोब्बर १२३१९, हे समोर घडताना बघायला खरंच मजा येते.

पण त्या १७३६ कडे जरा थांबून बघा. २०४७ म्हणजे २३ × ८९. हे १५३६ पासून माहीत आहे, हुदालरिकस रेगियस नावाच्या माणसाने ते दाखवलं होतं. आता १७३६ मध्ये २३ कुठे दिसतोय? ८९ कुठे दिसतोय? काहीच नाही. शून्य नाही एवढीच त्याची बातमी, बाकी तो आकडा मुका. परीक्षेने तुकड्यांना हातसुद्धा लावलेला नाही आणि तरी तुकडे आहेत हे तिला कळलं. हे मला समजतं, पायरी पायरीने सिद्धता वाचली तर पटतंही, पण पटणं आणि अंगवळणी पडणं यात फरक असतो तो असतोच.

१९५२ मध्ये रफाएल रॉबिन्सनने हीच परीक्षा लॉस एंजेलिसच्या स्वॅक नावाच्या कॉम्प्युटरवर चढवली. त्या एका वर्षात घातांक ५२१, ६०७, १२७९, २२०३ आणि २२८१ अशा पाच नव्या मूळ संख्या सापडल्या, त्याआधीचा १२७ वाला विक्रम ल्युकाने १८७६ मध्ये हाताने केलेला होता. त्याच झाडाझडतीत १२७७ चाही निकाल लागला. १२७५ वेळा वर्ग, शेवटी शून्य नाही. संयुक्त.

त्या यादीत १२७९ दिसला का? १२७७ आणि १२७९ या जुळ्या मूळ संख्या आहेत, फरक फक्त २ चा. आपल्या संख्येला ४ ने गुणा, ३ मिळवा, की १२७९ वाली संख्या येते, ३८६ अंकी, आणि ती मूळ आहे, पक्की, तिच्याविषयी विचारण्यासारखं या बाबतीत काही उरलेलंच नाही. चारने गुणून तीन मिळवायचे इतक्या अंतरावर शेजारीण पूर्ण उघडं पुस्तक आणि हिचं पहिलं पानसुद्धा उघडत नाही. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिल्या, तर दोघी अजूनच सारख्या दिसतात. एकीत १२७७ एक ओळीने, दुसरीत १२७९ एक ओळीने, शून्य कुठेच नाही. घातांक संयुक्त असता तर ही रांग डोळ्यानेच फोडता आली असती: सहा एकांची रांग म्हणजे ६३, तिचे तीन-तीनचे दोन गट पडतात म्हणून १११ × १००१, म्हणजे ७ × ९. पण १२७७ एकांचे सारखे गट पडतच नाहीत, त्यामुळे रांगेकडे बघून काही कळायचा मार्ग बंद.

मेर्सेन नावाच्या धर्मगुरूवरून या सगळ्या खानदानाचं नाव पडलंय. १६४४ मध्ये त्याने २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या येते याची यादी दिली, तिच्यात ६७ आणि २५७ चुकीचे होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. पैकी ६७ ची गोष्ट सगळीकडे सांगतात. ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं की ती संयुक्त आहे, पण तुकडे न दाखवता. मग १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोलने ते मांडले, म्हणतात की तो एक शब्द न बोलता फळ्यापाशी गेला, एकीकडे २ चा ६७ वा घात वजा १ काढला, दुसरीकडे १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असा लांबलचक गुणाकार केला, दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आलं, आणि तो जागेवर जाऊन बसला. तीन वर्षांचे रविवार लागले असंही म्हणतात. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालाय आणि त्यात मीठमसाला किती ते देव जाणे, पण गुणाकार खरा आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे. तो गुणाकार कुणीही तपासू शकतं. घाईत असाल तर अंकांची बेरीज करा: तिन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणली की तिन्हीकडे १ येतो, आणि १ × १ = १. ती काही पूर्ण सिद्धता नव्हे, पण संशय असेल त्याने पूर्ण गुणाकार करावा, एक दुपार पुरते.

१२७७ च्या बाबतीत असं काहीच हातात देता येत नाही. "संयुक्त आहे" याचा पुरावा म्हणजे १२७५ पायऱ्यांनंतर उरलेली एक प्रचंड बाकी, आणि ती बरोबर आहे का हे बघायचं तर पूर्ण १२७५ पायऱ्या परत करायच्या. आजच्या कॉम्प्युटरला त्याला डोळ्याची पापणी लवेपर्यंतही वेळ लागत नाही, म्हणून शंका घ्यायला जागा नाही, पण जातकुळी बघा. अवयव ही पावती आहे, दाखवली की झालं. बाकी ही साक्ष आहे, ती खरी मानायची तर साक्षीदाराने जे केलं ते सगळं स्वतः करावं लागतं. १९९६ पासून हजारो लोक आपापल्या कॉम्प्युटरवर मेर्सेन संख्या तपासतात त्या जिम्प्स प्रकल्पात वर्षानुवर्षं हेच चालत आलं. दोन वेगळ्या मशीनवर दोनदा परीक्षा, आणि शेवटच्या बाकीचे ६४ बिट जुळले तरच निकाल पक्का. अवयव सापडला तर मात्र दुसऱ्या फेरीची भानगडच नाही.

बरं, अवयव माहीत नाहीत म्हणजे त्यांच्याविषयी काहीच माहीत नाही असं नाही. उलट इतकं माहीत आहे की न पाहिलेल्या माणसाचं कोणीतरी हुबेहूब वर्णन करावं. प्रत्येक मूळ अवयवाला २५५४ ने भागलं तर बाकी १ च आली पाहिजे, आणि ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७. पहिल्याचं कारण असं: q हा अवयव असेल तर q ने भागताना २ चा १२७७ वा घात बाकी १ देतो, १२७७ मूळ आहे म्हणून त्याच्याआधी कुठेच १ येत नाही, आणि फर्माच्या नियमाने (q − १) व्या घाताला १ येतोच, म्हणून q − १ हा १२७७ च्या पटीत, आणि q विषम म्हणून २५५४ च्या पटीत. कोलच्या अवयवांवर हे तपासता येतं, तिथे १२७७ च्या जागी ६७ आहे: १९३७०७७२० ला १३४ ने भागा, १४४५५८० येतात, बाकी शून्य. दुसऱ्यालाही तसंच.

म्हणजे उमेदवारांची चाळणी फार बारीक आहे. दोन्ही अटी पाळणारी पहिली संख्या ७६६३, पण ती ७९ × ९७. मग १०२१७, ती १७ × ६०१. मग १७८७९, म्हणजे १९ × ९४१. मग २०४३३ ला ३ ने भाग जातो, २८०९५ च्या शेवटी सरळ ५ च बसलाय. मूळ असलेला पहिला खरा उमेदवार येतो तो ३०६४९. त्याच्याखाली कुठलाही अवयव असूच शकत नाही, हे कॉम्प्युटर न लावता कागदावरच कळलं. मला हा भाग मनापासून आवडतो.

अजून एक. आपल्या संख्येला एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जात असेल का? जात असेल तर ती मूळ संख्या वीफरिख जातीची असायला लागते, म्हणजे अशी p की २ च्या (p − १) व्या घाताला p ने नव्हे तर p च्या वर्गाने भागलं तरी बाकी १ येते. या जातीच्या आजवर दोनच संख्या सापडल्यात, १०९३ आणि ३५११, पहिली १९१३ मध्ये, दुसरी १९२२ मध्ये, त्यानंतर शोध अफाट पुढे गेला तरी तिसरी नाही. आणि या दोघी २५५४ च्या अटीत बसत नाहीत. म्हणजे १२७७ वाल्या संख्येत कुठे वर्ग लपला असेल तर तो सापडणं ही दुहेरी बातमी ठरेल. मला नाही वाटत तसं काही असेल. बहुतेक दोन किंवा तीन मोठ्ठे वेगवेगळे मूळ अवयव असतील, पण हा झाला अंदाज.

याच्या अगदी उलट स्वभावाच्या संयुक्त संख्याही असतात, आणि त्यांच्यावर रामानुजनने १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, अशा संख्यांची त्याने यादी बनवली, आणि तिच्यात शेवटी आहे ६७४६३२८३८८८००, जिला १००८० विभाजक आहेत. तेरा अंकी संख्या आणि दहा हजारांवर विभाजक! तिचे मूळ अवयव २ पासून २३ पर्यंत ओळीने आहेत, एकही गाळलेला नाही, लहानांचे घात मोठे आणि मोठ्यांचे लहान. त्या यादीत एक संख्या राहून गेली, २९३३१८६२५६००, आणि गंमत म्हणजे तिला २३ ने गुणलं की तीच शेवटची ६७४६३२८३८८८०० येते. अशी संख्या सगळ्यांना सगळं देऊन बसलेली असते. १२७७ वाली त्या मानाने कमालीची कंजूस.

तिची चुलत भावंडं म्हणजे फर्मा संख्या, २ च्या घातात वजा १ ऐवजी अधिक १, आणि घातांक स्वतःच २ चा घात. पहिल्या पाच मूळ आहेत म्हणून फर्माला वाटलं सगळ्याच असतील. १७३२ मध्ये ऑयलरने पुढचीच, ४२९४९६७२९७, ६४१ ने फोडली. तीही चाळणी लावूनच: अवयव ६४ च्या पटीत अधिक १ असाच हवा, म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग थेट ६४१. पुढे मात्र या घराण्यातही साक्ष आधी आणि पावती नंतर असंच झालं. सातवी (इथे मोजणी शून्यापासून, म्हणजे ऑयलरने फोडली ती पाचवी) १९०५ मध्ये संयुक्त ठरली, फुटली १९७० मध्ये. आठवी १९०९ मध्ये ठरली, फुटली १९८०. चौदावी, ४९३३ अंकी, १९६० च्या दशकात संयुक्त ठरली आणि तिचा पहिला अवयव, ५४ अंकी, २०१० मध्ये सापडला. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे माहीत, अवयव एकही नाही. आणि तेहेतिसावीचं तर संयुक्त की मूळ हेच माहीत नाही, सुमारे २५८ कोटी अंकांची आहे ती.

मोठ्या संयुक्त संख्या म्हटलं की हल्ली लोकांना आधी पासवर्ड-बँक-कुलूप असलं काहीतरी आठवतं, म्हणजे आरएसए, मोठी संख्या फोडणं अवघड असतं यावरच ज्याची सुरक्षितता टिकून आहे ते कुलूप. तिथेही न फुटलेल्या संख्या आहेत, ६१७ अंकी आरएसए-२०४८ अजून शाबूत आहे, आणि २०२० मध्ये २५० अंकी आरएसए-२५० फुटली तेव्हा एका प्रोसेसर कोअरच्या हिशोबात सुमारे २७०० वर्षांचं काम लागलं. पण मला त्या संख्यांचं तितकं नवल वाटत नाही. त्या कुणीतरी दोन मूळ संख्या मुद्दाम निवडून, गुणून ठेवलेल्या आहेत. एका क्षणी तरी उत्तर कुठल्यातरी मशीनमध्ये होतं. १२७७ वाली कुणी बनवलेली नाही, तिचं उत्तर कधीच कुणाच्या हातात नव्हतं. तिच्यात लपवाछपवी नाही. नुसते एक ओळीने उभे आहेत.

तुकडे शोधायचे मार्ग दोन. एक म्हणजे ईसीएम, हेंड्रिक लेन्स्ट्राने १९८० च्या दशकात काढलेली एलिप्टिक कर्व्हची पद्धत. एखादा वक्र यादृच्छिक निवडायचा आणि आपली संख्या मूळ आहे असं खोटंच धरून त्याच्यावर हिशोब करत सुटायचं, संख्या मूळ नसल्याने कुठेतरी भागाकार अडतो, आणि अडतो तिथे अवयव सापडतो. नाही अडला तर दुसरा वक्र, मग तिसरा. यात मेहनत मुख्यतः लपलेल्या अवयवाच्या आकारावर ठरते, म्हणून लहान अवयवांना ही पद्धत उत्तम, पण हिने आजवर पकडलेले सगळ्यात मोठे अवयव ८०-८५ अंकांच्या आसपासचे आहेत. १२७७ वर अगणित वक्र लावून झालेत. त्यामुळे ५०-६० अंकांचा अवयव असता तर एव्हाना सापडला असता असं सगळे धरून चालतात, आणि हे बघा, ही तिसरीच जात झाली: पावती नाही, साक्षही नाही, भरपूर वेळा जाळं टाकून मासा आला नाही म्हणून नसेल. अवयव १५० अंकांचा असेल तर या जाळ्याचा उपयोगच नाही.

दुसरा मार्ग नंबर फील्ड सीव्ह, जो अवयव केवढा आहे याची पर्वा करत नाही, पूर्ण संख्येवर चाल करून जातो. १०६१ घातांकाची संख्या २०१२ मध्ये अशीच फुटली, १४३ अंकी आणि १७७ अंकी असे दोन तुकडे. त्याआधी १०६१ हीच या रांगेतली अडलेली पहिली होती, तीही रॉबिन्सनच्याच वेळची, म्हणजे साठ वर्षं अडून बसलेली. त्यानंतर क्लाइनयुंग, बॉस आणि लेन्स्ट्रा (हा आर्येन, वरचा हेंड्रिक वेगळा) यांनी १००० ते १२०० मधल्या घातांकांच्या उरलेल्या बऱ्याच संख्या एका दमात फोडल्या. १२७७ त्यांच्यापासून फार लांब नाही, जमेल का याचं उत्तर बहुधा हो आहे, प्रश्न आहे इतके प्रोसेसर आणि इतकी वर्षं एका निरुपयोगी संख्येवर कोण घालवेल. क्वांटम कॉम्प्युटर चांगले मोठे झाले तर १९९४ चं शोरचं अल्गोरिदम, म्हणजे अशा मशीनवर अवयव झटपट पाडायची कृती, ही सगळी चर्चाच मोडीत काढेल. मला त्याची घाई नाही, उगाच खोटं कशाला बोला.

तोवर हाताने करण्यासारखं जे आहे ते असं. ३०६४९ हा पहिला उमेदवार, त्याने भाग जातो का बघायचं. ३८५ अंकी भागाकार मांडायची गरज नाही. घातांक १, २, ४, ९, १९, ३९, ७९, १५९, ३१९, ६३८, १२७७ असे चढवायचे, दर पायरीला दुप्पट किंवा दुप्पट अधिक एक, म्हणजे आधीच्या बाकीचा वर्ग आणि लागेल तिथे वर २ ने गुणणं. नवव्या घाताला ५१२, मग बाक्या अशा येतात: ३२५५, ११५९१, २७७९, २९२३५, १४४२२, ९९७०, आणि १२७७ व्या घाताला १२३८६. त्यातून १ वजा, १२३८५. शून्य नाही. ३०६४९ बाद. पुढे ३८३११, पण त्याला ७ ने भाग जातो, ४०८६५ च्या शेवटी ५ आहे, आणि मग येतो ४८५२७, तो मूळ आहे, ८ ने भागल्यावर बाकी ७ देतो, २५५४ ने भागल्यावर १, दोन्ही अटींत बसतो. त्याच्यानेही भाग जात नाही हे जगाला कधीचंच माहीत आहे. तरी कागद काढलाच आहे तर ५१२ चा वर्ग, दुप्पट, ५२४२८८, वजा ४८५२७ गुणिले १०...